बारगीर

भिलाईत लहानाचा मोठा झालेल्या माणसाच्या कानात लोखंडाचे आवाज कायमचे वस्तीला येतात. पाळी सुटल्याचा भोंगा, यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांना भिडल्याचा दणका, मध्यरात्री वारा पडला की दुरून ऐकू येणारी कारखान्याची अखंड घरघर. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि पुढल्या वर्षी माझा जन्म झाला. वडील अमरावतीकडून येऊन कारखान्याच्या रूळगिरणीत लागले होते. तयार झालेल्या रुळांची तपासणी करणे हे त्यांचे काम. त्यांचे एक वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे झाले होते : दिसलेला तडा सांगितला नाही, तर मोडतो तो रूळ नव्हे, गाडी. लहानपणी या वाक्याचा आम्हा भावंडांना कंटाळा येई. ते मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी एका घोड्यामुळे पुन्हा आठवले, आणि आठवले तेव्हा उशीर झाला होता.

घोड्याशी माझा संबंध येण्याचे तसे काही कारण नव्हते. नागपूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवून मी २०२० साली निवृत्त झालो आणि वडिलांनी नेहरूनगरात बांधलेल्या घरी परतलो. माझा प्रबंध छंदःशास्त्रावरचा. पुढे समीक्षा लिहिली, परीक्षणे लिहिली, पारितोषिकांच्या समित्यांवर बसलो. घोडा मला भेटला तो बखरीत, पोवाड्यात आणि फार तर लग्नाच्या वरातीत. २०२१ च्या हिवाळ्यात माझी सात वर्षांची नात सुटीला आली आणि तिने घोड्यावर बसण्याचा हट्ट धरला. चौकशी करता कळले, की दुर्गच्या पलीकडे, शिवनाथ नदीच्या अंगाला एका शेतावर लष्करातून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ तीन घोडे बाळगून आहेत व मुलांना घोडेस्वारी शिकवितात. नातीचा उत्साह पंधरा दिवस टिकला. माझा टिकून राहिला.

हे गृहस्थ माण तालुक्यातले. रिसाल्यात दफेदार होते आणि नव्या जवानांना घोड्यावर बसायला शिकविण्यात त्यांची बहुतेक नोकरी गेली. मुलगी दुर्गला दिली म्हणून इकडे आले. मी त्यांना दफेदार म्हणतो, ते मला सर म्हणतात. आणि सर म्हणत म्हणतच, वर्गातल्या मठ्ठ मुलाला सुनवावे तसे सुनावतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला ज्या घोड्यापुढे उभे केले तो एकोणीस वर्षांचा कुमाईत, कपाळावर पांढरी चांदणी, डोळ्यांवरच्या खळग्या खोल गेलेल्या. "हा मास्तर," दफेदार म्हणाले. "ह्यानं पंचवीस-तीस स्वार तयार केलेत. तुम्ही ह्याला शिकवायचं नाही, ह्याच्याकडून शिकायचं." मला वाटले, हे त्यांनी ठेवलेले लाडके नाव असेल. पुढे वाचनात आले, की इंग्रजांच्या अश्वविद्येतही अशा जाणत्या घोड्याला शाळामास्तरच म्हणतात. चौतीस वर्षे मास्तरकी करून आलेल्या माणसाला अशा रीतीने एक मास्तर मिळाला.

दफेदारांना शिकवायचे होते ते ड्रेसाज. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा मूळ अर्थ केवळ तालीम, शिक्षण. त्यात शर्यत नाही, अडथळ्यांवरून उड्या नाहीत. वीस मीटर रुंद आणि चाळीस किंवा साठ मीटर लांब अशा मोजक्या आयतात घोडा व स्वार नेमून दिलेल्या चाली करून दाखवितात. कडेला रोमन अक्षरे लावलेली असतात, तीही वर्णमालेचा क्रम सोडून : ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. मधोमध न दिसणारा एक्स. ए पासून आत यायचे, एक्सवर थांबून पंचांना नमस्कार करायचा, आणि मग ठरल्या अक्षराशी दुडकी, ठरल्या अक्षराशी वर्तुळ, ठरल्या अक्षराशी चालीत बदल. प्रत्येक कृतीला शून्य ते दहा गुण. वरच्या पायरीवर घोडा जागच्या जागी दुडकतो, तिरपा सरकतो, दर पावलाला पुढचा पाय बदलीत दौडतो. पण ते आमच्यापासून फार दूर. आमची मजल चाल, दुडकी आणि संथ दौड एवढीच.

बाहेरून पाहणाऱ्याला या प्रकारात काहीच घडत नाही असे वाटते. स्वार नुसता बसलेला दिसतो आणि घोडा आपल्या मनाने सारे करतो. ते तसे दिसावे हीच तर या विद्येची कसोटी आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफोन नावाच्या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर लिहिले, त्यात जबरदस्तीने करवून घेतलेल्या कृतीत घोड्याची समज नसते आणि म्हणून तिच्यात सौंदर्यही नसते, असा विचार मांडला आहे. आपल्याकडे शालिहोत्राच्या नावावर अश्ववैद्यकाची मोठी परंपरा आहे, आणि अमरकोशात घोड्याच्या पाच गतींना आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित व प्लुत अशी नावे देऊन त्या साऱ्यांना 'धारा' म्हटले आहे. गतीला धारा म्हणणाऱ्या माणसाने घोड्याकडे नीट पाहिले होते, याविषयी मला शंका वाटत नाही. मराठीने मात्र घोडा शिकविणाऱ्याला चाबूकस्वार म्हटले. तो शब्द पुढे आडनावही होऊन बसला. दफेदारांच्या हाती मी चाबूक क्वचितच पाहिला. "चाबूक दिसावा," ते म्हणत, "लागू नये."

शिकताना पहिली अडचण आली ती माझ्या वयाची नव्हे, माझ्या व्यवसायाची. सतत काही तरी सांगत राहण्याची सवय शरीरालाही लागते हे मला ठाऊक नव्हते. माझे हात लगामातून अखंड बोलत असत. घोडा सरळ चालला असतानाही मी त्याला सरळ चालण्याची सूचना देत असे. "सर, हात गप्प ठेवा," हे वाक्य मी पहिल्या वर्षात किती वेळा ऐकले त्याची गणती नाही. दुसरी गोष्ट अशी, की मास्तर मी काय म्हणू पाहतो आहे ते ऐकत नसे, मी काय म्हटले तेवढेच ऐके. मी उजवीकडे वळायचे मनात आणून नकळत डाव्या बुडाखाली वजन दिले, की तो डावीकडे सरके आणि थांबून कान मागे करी. जणू विचारी, हेच ना तुमचे म्हणणे? शब्दांच्या बाबतीत इतका काटेकोर वाचक मला माझ्या साऱ्या लेखनकाळात भेटला नव्हता.

एक क्रिया मला फार आवडू लागली. चालीत किंवा दिशेत बदल करण्याच्या क्षणभर आधी स्वार पाठीचा कणा उंचावतो, श्वास धरतो, बोटे मिटतो आणि लगेच सोडतो. घोडा थांबत नाही. फक्त आपले वजन मागच्या पायांवर घेऊन सावध होतो. इंग्रजीत तिला अर्धा थांबा अशा अर्थाचे नाव आहे. मी तिला माझ्यापुरते अर्धविराम म्हणू लागलो. वाक्य संपले नाही, पण पुढे काही येत आहे. चालीचे चार ठोके, दुडकीचे दोन, दौडीचे तीन आणि त्यापुढे चारही पाय अधांतरी असल्याचा एक निःशब्द क्षण. ज्याने आयुष्यभर मात्रा मोजल्या, यती कुठे पडते हे तपासले, त्याला हे सारे ओळखीचे वाटावे यात नवल नाही. फरक इतकाच, की कागदावरची लय चुकली तर लाल पेन्सिलीने खूण करता येते. इथे ती लय माझ्या माकडहाडाला कळत होती.

त्या काळात माझ्या डोक्यात एक जुना शब्द घोळू लागला. सभासद बखरीत शिवछत्रपतींच्या घोडदळाची रचना सांगितली आहे. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. महाराजांचा भर शिलेदारांपेक्षा पागेवर अधिक होता. बारगीर म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचा घोडा नाही असा स्वार. त्याच्या पराक्रमात निम्मा वाटा ज्याचा, तो प्राणी त्याच्या मालकीचा नसे. मी मास्तरच्या पाठीवर बसलो की नेमका तेवढाच होतो.

आणि पाठीवरून उतरल्यावरही फारसा वेगळा नव्हतो. समीक्षक हा साहित्यातला बारगीरच. कवी, कादंबरीकार आपापले जनावर घेऊन रणात उतरतात; ते पडले तर त्यांचे सर्वस्व बुडते. आम्ही दुसऱ्याच्या कृतीवर मांड ठोकतो, तिच्या पायांनी पल्ला गाठतो आणि शेवटी बक्षीस घेताना आपण फार दूर आलो असे सांगतो. मी हे कडवटपणे लिहीत नाही. पागेवरचा स्वार शिलेदाराहून कमी प्रतीचा मानला गेला नाही, हे वर आलेच आहे. आणि दुसऱ्याच्या घोड्यावर चांगले बसणे ही सुद्धा एक विद्या आहे. पण त्या विद्येत एक धोका दडलेला आहे. तो मला त्या वेळी दिसला नाही.

या शब्दाला आमच्या छत्तीसगडशी जोडणारा एक धागा आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर १७४१ साली रतनपुरावर चालून आले. त्यानंतर भोसल्यांची फौज बंगालवर गेली, आणि १७४२ ते १७५१ या काळात त्या स्वाऱ्यांनी बंगालचा मुलूख हैराण केला. भास्करराम १७४४ मध्ये तिकडेच मारले गेले. बारगीर या आपल्या शब्दाचे बंगालीत 'बर्गी' झाले आणि तो लहान मुलांना झोपविण्याच्या गाण्यात जाऊन बसला. आम्ही सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा शेजारच्या बंगाली काकू आपल्या मुलाला थोपटताना ते गाणे म्हणत, आणि माझी आई, जिला बंगाली कळत नसे, कौतुकाने ऐकत असे. ज्या शब्दात आम्हांला दौडीचा डौल ऐकू येतो त्यातच त्यांच्या आजीपणजीला जळणारी शेते दिसत, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. एकच शब्द, पण तो घोड्यावरून ऐकला तर एक, आणि वाटेवर उभे राहून ऐकला तर दुसरा.

दोन वर्षे झाल्यावर दफेदारांनी स्पर्धेचे काढले. मी हसण्यावारी नेले. पण २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझौच्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या चमूने ड्रेसाजचे सुवर्णपदक मिळविले आणि आमच्या शेतावर दिवाळी झाली. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला. एक इंदूरची, एक जयपूरची, एक मुंबईचा, एक कोलकात्याचा. चमूचे एकूण गुण २०९.२०५, यजमान चीन मागे राहिला. घोडेस्वारीत भारताला आशियाई सुवर्ण मिळाले ते १९८२ च्या दिल्लीनंतर एकेचाळीस वर्षांनी. पुढे अनुषने एट्रो या घोड्यावर वैयक्तिक कांस्यही मिळविले. दफेदारांनी मोबाइलवर ती चित्रफीत मला अनेकदा दाखविली. प्रत्येक वेळी ते स्वाराकडे नव्हे, घोड्याच्या मागच्या पायांकडे बोट दाखवीत.

त्याच सुमारास मी लिस हार्टेल या डॅनिश स्त्रीविषयी वाचले. १९४४ साली, तेविसाव्या वर्षी, गरोदर असताना तिला पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. टाच मारण्याची सोय उरली नाही. ऑलिम्पिकमधले ड्रेसाज तोवर लष्करी अधिकाऱ्यांसाठीच राखीव होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ते प्रथमच सर्व स्त्रीपुरुषांना खुले झाले, आणि तिने ज्युबिली नावाच्या घोडीवर बसून रौप्यपदक मिळविले. तिला घोड्यावर चढायला आणि उतरायला माणसांची मदत लागे. वर गेल्यावर मात्र फक्त पाठ, वजन आणि ती घोडी. चार वर्षांनी तिने पुन्हा रौप्य मिळविले. माझे पाय तर शाबूत होते. मी दफेदारांना होकार कळविला.

जानेवारी २०२४ मध्ये एका छावणीच्या गावी हौशी स्वारांसाठी छोटी स्पर्धा होती. मास्तरला ट्रकमधून नेले. दफेदार आणि आमचा मोतद्दार पोरगा रात्रभर त्याच्याजवळ बसून होते. माझ्या गटात मी सर्वांत वयस्क, आणि घोड्यांत मास्तर. आम्ही ए पासून आत शिरलो, एक्सवर थांबलो, मी नमस्कार केला. सुरुवात बरी झाली. पुढे बी या अक्षरापाशी वीस मीटरचे वर्तुळ घ्यायचे होते. मास्तरने आपणहून मान आत वळवली. अशा परीक्षा त्याने आयुष्यात किती तरी दिल्या होत्या. मला वाटले, हा भरकटतो आहे. मी लगाम बाहेर ओढून त्याला सरळ काढले आणि पंचांच्या टेबलावरची घंटा वाजली. चूक माझी होती. घोड्याला वाट ठाऊक होती आणि मी अधिकाराने त्याला चुकीच्या वाटेवर नेले होते.

शेकडा चोपन्न गुण मिळाले. गुणपत्रिकेच्या तळाशी पंचांनी दोन छोटी वाक्ये लिहिली होती : घोडा जाणता आहे. स्वाराने त्याचे ऐकावे. मी ती पत्रिका पुष्कळ वेळ हातात धरून बसलो. छत्तीस वर्षांत मी कितीजणांच्या पहिल्या पुस्तकांवर अशीच दोन-दोन वाक्ये लिहिली असतील! ती लिहिताना मला अन्याय केल्यासारखे कधी वाटले नाही, आणि या पंचांनीही अन्याय केलेला नव्हता. पण तशा वाक्याच्या दुसऱ्या टोकाला उभे राहणे कसे असते, हे मला प्रथमच कळले. मला राग आला नाही. हाव सुटली. पुढल्या हिवाळ्यात साठ गुण मिळवायचेच, असे मी ठरविले.

आता जे सांगायचे ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

नोव्हेंबर २०२४ अखेर. स्पर्धेला अठरा दिवस होते. भात कापून झाले होते आणि जमीन कडक होऊ लागली होती. डावीकडच्या वर्तुळात दुडकी चालू असता मला दोन ठोक्यांतला एक किंचित आखूड ऐकू आला. अगदी किंचित. सलग पाऊण मिनिट ऐकले तरच कळावा इतका. दुडकीचे दोन ठोके म्हणजे दोन समान मात्रा. त्यांतली एक पूर्ण भरण्याआधीच दुसरी येत होती. मग माझ्या लक्षात आले, की डावा पुढचा पाय टेकताना मास्तरची मान केसभर वर जाते आणि उजवा टेकताना खाली येते. घोडा दुखऱ्या पायावर भार देताना डोके उचलतो, ही गोष्ट मला दफेदारांनीच पहिल्या वर्षी शिकविली होती.

मी काही बोललो नाही. जमीन कडक आहे म्हणून असेल, असे मनाला सांगितले. माझी मांड एका बाजूला झुकत असेल. वयामुळे असेल, अंग गरम झाले की जाईल. आणि खरेच, अर्ध्या तासाने ते बरेचसे नाहीसे होई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पुन्हा गप्प. ज्या कानावर मी प्रबंध लिहिला, ज्या कानाच्या भरवशावर इतरांच्या ओळीतला यतिभंग चारचौघांत दाखविला, तो कान मला रोज सकाळी एक गोष्ट सांगत होता आणि मी ती ऐकून ठेवीत होतो. घोडा माझा नव्हता. तो दफेदारांचा होता. त्याच्या पायांची काळजी त्यांना, माझ्याकडे फक्त पाठ. वर ज्या धोक्याविषयी म्हटले तो हा. बारगिराचे मन फार हळू आवाजात बोलते.

अकराव्या दिवशी मोतद्दार पोराने, जो कधी आपणहून बोलत नसे, हातातला खरारा खाली ठेवला आणि कुंपणाबाहेरून छत्तीसगढीत म्हणाला, "घोड़ा खोरावत हे, सर." घोडा लंगडतो आहे. दफेदार पागेतून बाहेर आले. त्यांनी मला उतरवले, मास्तरला डांबरी सडकेवर नेऊन पोराकडून हाताने पळविले आणि डोळे मिटून ऐकले. मग लगाम हाती घेऊन, माझ्याकडे न बघता विचारले, "तुम्हाला कधीपासून जाणवत होतं?"

मी म्हणालो, "आजच."

अंजोऱ्याच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले एक तरुण डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. खुराच्या आतले एक लहानसे हाड असते, त्याचा जुना विकार त्यांना वाटत होता. तो वय झालेल्या, खूप काम केलेल्या घोड्यांना होतो. पारख करण्यासाठी त्यांनी डाव्या पायाच्या मज्जातंतूजवळ बधिर करण्याची सुई दिली. दहा मिनिटांनी मास्तरला पुन्हा पळविले. डाव्या पायाचे लंगडणे थांबले होते, आणि तो आता उजव्या पायाने लंगडत होता.

मला काही उलगडेना. डॉक्टरांनी समजावले, की दोन्ही पाय दुखत आहेत. डावा अधिक आहे म्हणून आजवर तोच दिसत होता. "आधी काही महिने दोन्ही सारखेच दुखत असणार," ते म्हणाले. "तेव्हा चालीत काही दिसत नाही. पाऊल थोडं आखूड पडतं, एवढंच."

हे वाक्य घेऊन मी घरी आलो. ज्या उन्हाळ्यात मास्तरची दुडकी मला घड्याळासारखी नियमित वाटत होती, ज्या नियमितपणाचे श्रेय मी माझ्या सुधारलेल्या मांडीला देत होतो, त्या काळात दोन्ही पाय सारखेच दुखत होते म्हणून लय शुद्ध होती. मी मात्रा बरोबर मोजल्या होत्या. त्या कशाच्या मात्रा आहेत, हे विचारले नव्हते. मग काही जुने कवितासंग्रह डोळ्यांपुढे येऊ लागले. निर्दोष वृत्तात लिहिलेले, ज्यांवर मी 'सफाईदार, पण अनुभव उथळ' असा शेरा मारला होता. ते सारेच थोर होते असे मी आता म्हणणार नाही. पण त्यांतल्या एखाद्याची सफाई कशातून आली होती, हे मी थांबून पाहिले नाही. कपाटातून दोन काढून पुन्हा वाचले. एकाबाबतीत माझे मत कायम राहिले. दुसऱ्याबाबतीत मला वाटते माझे चुकले. ते लिहिणारी व्यक्ती आता हयात नाही.

स्पर्धा अर्थातच रद्द केली. मास्तरच्या पायांना वेगळ्या घडणीचे नाल बसविले, टाचेकडून आधार देणारे, आणि डॉक्टरांनी तीन महिने पूर्ण विश्रांती सांगितली. दफेदारांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि म्हणूनच मला शेतावर जाणे जड होऊ लागले. महिन्याभराने एका संध्याकाळी चंदी भिजत घालीत असताना मी त्यांना खरे ते सांगितले. अकरा दिवस, आणि "आजच" हा शब्द.

ते हात पुसत उभे राहिले. "ठाऊक आहे," म्हणाले. "त्या पोरानं सांगितल्यावर माझ्या ध्यानात आलं. आठवडाभर तुम्ही डाव्या बाजूला अंग चोरून बसत होता. मी म्हणत होतो, सरांची मांड बिघडली कशानं? तुमच्या अंगाला कळलं होतं, सर. तोंडानं सांगितलं नाही एवढंच." थोडे थांबून म्हणाले, "मीही कडक जमिनीवर काम घेत राहिलो. माझंही चुकलंच."

वडील असते तर त्यांनी आपले वाक्य पुन्हा उच्चारले असते का, कोण जाणे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या रुळाला बोलता येत नसे, म्हणून तपासनिसाला बोलावे लागे. घोड्यालाही बोलता येत नाही. आणि पुस्तकाला, मला वाटते, लेखक असूनही बोलता येत नाही. ते वाचणाऱ्याच्या अंगाला कळते, आणि मग त्याच्या तोंडाने काय करायचे ते त्याचे तो ठरवितो.

मास्तर आता बावीस वर्षांचा आहे. त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. आठवड्यातून चार दिवस मी नेहरूनगराहून जातो, खरारा करतो, खुरांतली माती काढतो आणि दोरी हाती धरून त्याला मऊ बांधावरून शिवनाथच्या दिशेने फिरवून आणतो. तो आपल्या चालीने चालतो, मी त्याच्या. मध्येच तो हरळीसाठी थांबतो; मीही थांबतो. परतताना सडकेचा एक तुकडा ओलांडावा लागतो. तिथे नालांचा आवाज येतो, चार ठोके, एकामागून एक. मी ते मोजतो. एखादा आखूड वाटला, तर पागेत पोचताच पहिल्यांदा तेवढेच सांगतो.